स्टॅटिक साइटच्या मेनूत चालू पान आपोआप उठून दिसावं म्हणून

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची साइट करायची आहे. पानं पाचच: मुख्यपान, ग्रंथ, कार्यक्रम, सभासदत्व, संपर्क. वर आडवा मेनू, सगळ्या पानांवर तोच. वाचक ‘कार्यक्रम’ पानावर असला की मेनूतलं ‘कार्यक्रम’ वेगळं दिसलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना हे फुकटात मिळतं. तिथे मेनू सर्व्हर रचून देतो, कुठलं पान मागितलंय हे त्याला ठाऊक असतं आणि त्या लिंकच्या नोंदीला ‘करंट-मेनू-आयटम’ हा क्लास तो स्वतःच चिकटवतो. स्टॅटिक साइटचा सर्व्हर असलं काही करत नाही. मागितलेली फाइल उचलून दिली की तो मोकळा. मग आपण आत्ता कुठल्या पानावर आहोत हे मेनूला सांगणार कोण? उत्तरं तीन: तुम्ही स्वतः, वाचकाचा ब्राउझर, किंवा साइट तयार करणारा जनरेटर. तिन्ही रस्ते पुढे येतीलच. पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळं लहान अक्षरांत.

पायरी १: खूण कुठली लावायची ते ठरवा

बहुतेक ठिकाणी तुम्हाला ‘ॲक्टिव्ह’ नावाचा क्लास लावायला सांगतील. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचामुळे हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. त्यात चूक काही नाही, पण दोन अडचणी आहेत. एक तर सीएसएसमध्ये याच नावाचा एक स्यूडो-क्लास आहे, अपूर्णविरामाने सुरू होणारा. लिंक माउसने दाबून धरलेली असते तेवढ्यापुरताच तो लागू होतो. टिंब द्यायच्या जागी अपूर्णविराम पडला की रंग क्षणभर चमकून जातो, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. दुसरी अडचण अशी की क्लास हा फक्त डोळ्यांसाठी असतो. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ऐकणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: क्लास सोडा आणि ‘एरिया-करंट’ हे ॲट्रिब्यूट वापरा, मधे जोडरेघ, किंमत ‘पेज’. हे ॲट्रिब्यूट एरिया या सुगम्यतेच्या मानकाच्या १.१ या आवृत्तीत आलं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ती आवृत्ती २०१७च्या डिसेंबरात शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, त्यामुळे आज कुठलाही चालू ब्राउझर ते ओळखतो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर त्या लिंकचं नाव वाचताना ‘हे चालू पान आहे’ असंही सांगतो. आणि दिसण्याची सोय याच ॲट्रिब्यूटवरून होते: सीएसएसमध्ये आधी नॅव्ह (मेनूचा टॅग), मग ए (लिंकचा टॅग), आणि त्याला चिकटून चौकोनी कंसात एरिया-करंट बरोबर पेज. ऐकणाऱ्याची आणि बघणाऱ्याची खूण एकच झाली. एक बदलली आणि दुसरी राहून गेली, असा प्रकार मग उद्भवतच नाही.

पायरी २: ठळक म्हणजे नेमकं कसं?

रंग बदलणं सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतं. नुसता रंग पुरत नाही. ज्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही त्यांच्यासाठी मेनू होता तसाच राहतो. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमावलीतला नियमही हेच सांगतो की माहिती फक्त रंगातून देऊ नका. रंगाच्या जोडीला रेघ, पार्श्वभूमी किंवा अक्षरांची जाडी यांतलं काहीतरी हवं.

इथे देवनागरीच्या खास कटकटी आहेत. इंग्रजीतले धडे ‘टेक्स्ट-डेकोरेशन’ला ‘अंडरलाइन’ द्या म्हणतात. ‘मुख्यपान’ला ती देऊन बघा. अक्षराखाली काही लटकत असेल तर ब्राउझर त्या जागी रेघ तोडतो, म्हणजे ‘मु’च्या उकारापाशी रेघेला खिंडार पडतं. ‘कार्यक्रम’खाली मात्र ती बरीचशी सलग राहते. एकाच मेनूत दोन तऱ्हेच्या रेघा वाईट दिसतात. त्यापेक्षा ‘बॉर्डर-बॉटम’ वापरा आणि तीन-चार पिक्सेलचं पॅडिंग द्या. रेघ उकारांच्या खालून सलग जाते. बाकीच्या लिंकांनाही तेवढ्याच जाडीची पारदर्शक बॉर्डर द्यायला विसरू नका, नाहीतर चालू पानाची लिंक इतरांपेक्षा रेघेच्या जाडीएवढी उंच होते.

अक्षरं जाड करणार असाल तर आधी फॉन्ट बघा. मुक्तासारख्या फॉन्टमध्ये देवनागरीच्या सात जाड्या आहेत, पण तुम्ही त्यातली ४०० हीच एक उतरवून घेतली असेल तर ब्राउझर स्वतःच्या मनाने अक्षरं फुगवतो. मग शिरोरेखा लिबलिबीत होते आणि जोडाक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. ७००ची फाइलही जोडा. शिवाय जाड अक्षरं जास्त जागा घेतात, त्यामुळे पान बदललं की मेनूतले शेजारी थोडे-थोडे सरकतात. काहींच्या ते लक्षातही येत नाही. ज्यांच्या येतं त्यांना मात्र चैन पडत नाही. मी जाडीच्या वाटेला जात नाही. रेघ आणि थोडा गडद रंग, बस.

पायरी ३: हाताने, आणि त्यात लाज नाही

पाच पानं आहेत आणि वर्षभरात मेनू बदलायचा नाही, तर प्रत्येक फाइल उघडा, त्या-त्या पानाच्या लिंकमध्ये एरिया-करंट लिहा आणि विषय संपवा. स्क्रिप्ट नको, बिल्ड नको, काही बिघडायचा प्रश्न नाही. ‘आपोआप’ करण्याच्या नादात पाच मिनिटांच्या कामावर दोन संध्याकाळी घालवणारे कमी नाहीत.

याचंच एक जुनं भावंड आहे: प्रत्येक पानाच्या बॉडीला वेगळा आयडी द्यायचा, मेनूच्या लिंकांना वेगवेगळे क्लास द्यायचे आणि सीएसएसमध्ये त्यांच्या जोड्या लावायच्या. फायदा हा की मेनूचा एचटीएमएल सगळीकडे अक्षरशः सारखा राहतो, डोळे झाकून कॉपी-पेस्ट करता येतो. तोटा हा की सीएसएसला ॲट्रिब्यूट लावता येत नाही, म्हणजे ऐकणाऱ्याची सोय गेली. शिवाय नवं पान आलं की सीएसएसमध्ये नवी जोडी. आता ही रीत नव्याने उचलण्यात अर्थ नाही, जुन्या साइटमध्ये दिसली तर ओळखता यावी इतकंच.

पायरी ४: ब्राउझरलाच विचारा

दहा-बारा पानं झाली की हाताचा कंटाळा येतो. मग छोटीशी जावास्क्रिप्ट. तिचं काम तीन वाक्यांत सांगता येतं. मेनूतल्या सगळ्या लिंका गोळा करा. प्रत्येक लिंकचा पत्ता चालू पानाच्या पत्त्याशी ताडून बघा. जुळला की तिला एरिया-करंट लावा.

गोळा करण्यासाठी डॉक्युमेंटवर ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ चालवा. मधल्या ‘सिलेक्टर’चा एस आणि शेवटच्या ‘ऑल’चा ए मोठा. कंसात, अवतरणात, नॅव्ह आणि ए, मधे एक मोकळी जागा. लावण्यासाठी लिंकवर ‘सेटॲट्रिब्यूट’, ज्यात ‘ॲट्रिब्यूट’चा ए मोठा. ही दोन्ही टोकं सोपी आहेत. जे काही बिघडतं ते मधल्या ताडून बघण्यात.

चालू पानाचा पत्ता ‘लोकेशन’कडून मिळतो. त्याचं ‘एचरेफ’ म्हणजे पूर्ण पत्ता, आणि ‘पाथनेम’ म्हणजे डोमेननंतरचा, पहिल्या स्लॅशपासून सुरू होणारा भाग. तुलना पाथनेमचीच करा. पूर्ण पत्ता ताडलात तर स्वतःच्या संगणकावर सगळं छान चालेल, आणि मग कुणीतरी वाचनालयाच्या फेसबुक पोस्टवरून आत येईल. फेसबुक लिंकच्या शेपटीला प्रश्नचिन्ह आणि ‘एफबीसीएलआयडी’ नावाचं लांबलचक बाड जोडतं. पत्ता जुळत नाही, मेनू मुका. पाथनेममध्ये ही शेपटी येतच नाही, हॅशनंतरचा भागही येत नाही.

लिंकच्या बाजूचं जरा सावकाश समजून घ्या. लिंकचा पत्ता दोन तऱ्हांनी मागता येतो. ‘गेटॲट्रिब्यूट’ने एचरेफ मागितलात तर तुम्ही फाइलमध्ये जे टाइप केलं तेच जसंच्या तसं परत येतं: कधी नुसतं फाइलचं नाव, कधी दोन टिंबं आणि स्लॅश. ते पाथनेमशी जुळणार नाहीच. त्याऐवजी लिंकलाच टिंब देऊन ‘पाथनेम’ विचारा. ब्राउझर सापेक्ष पत्ता आधीच पूर्ण करून ठेवतो आणि त्यातला नेमका भाग तुमच्या हातात देतो. दोन्हीकडे पाथनेम, म्हणजे तुलना सारख्याशी सारख्याची. सोबत ‘होस्ट’ही ताडून घ्या. मेनूत बाहेरच्या एखाद्या साइटच्या मुख्यपानाची लिंक असेल तर तिचं पाथनेमही एक स्लॅशच असतं. मग वाचनालयाच्या मुख्यपानावर ती बाहेरची लिंकसुद्धा ठळक होऊन बसते.

आता पत्त्यांचे अवतार. ‘कार्यक्रम’ हे एकच पान एचटीएमएल शेपटीसह उघडतं, गिटहब पेजेस या स्टॅटिक साइट ठेवण्याच्या सेवेवर शेपटीशिवायही उघडतं, आणि फोल्डर करून आत इंडेक्स फाइल ठेवली असेल तर शेवटी स्लॅश येतो. मुख्यपान नुसत्या स्लॅशवर उघडतं आणि इंडेक्स-डॉट-एचटीएमएलवरही. माणसाला ही एकच जागा वाटते, तुलनेला वेगळ्या. म्हणून एक छोटं फंक्शन लिहा, त्याला ‘साफ’ म्हणा हवं तर, आणि दोन्ही पाथनेम त्यातून काढा. क्रम हाच ठेवा: आधी शेवटचं इंडेक्स-डॉट-एचटीएमएल काढायचं, मग राहिलेलं डॉट-एचटीएमएल, मग शेवटचा स्लॅश. काहीच उरलं नाही तर एक स्लॅश परत द्यायचा. पहिल्या दोन कामांचा क्रम उलटा केलात तर ‘इंडेक्स’ हा शब्द तसाच उरतो आणि मुख्यपान जुळत नाही.

फाइलींची नावं मराठीत ठेवली असतील तर आणखी एक गंमत. पत्त्यात देवनागरी तशीच्या तशी जात नाही. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं अशा रूपात लिहिला जातो. ‘संपर्क’ दिसायला चिमुकला शब्द. त्यात स, अनुस्वार, प, र, हलन्त आणि क अशी सहा चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. पाथनेम हा ५४ अक्षरी अवतारच परत देतं. दोन्हीकडे पाथनेम असेल तर बहुधा निभतं, तरी ‘साफ’ फंक्शनमध्ये सुरुवातीलाच ‘डिकोडयूआरआयकंपोनंट’ची एक ओळ घाला. यातला ‘यूआरआय’ पूर्ण मोठ्या अक्षरांत आणि ‘कंपोनंट’चा सी मोठा. खरं सांगायचं तर फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत ठेवणं सगळ्यात बरं. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, गिटहब पेजेसला पडतो. घरी चालणारी लिंक तिथे ४०४ दाखवते ती बऱ्याचदा यामुळेच.

स्क्रिप्ट कुठे ठेवायची? वेगळ्या फाइलमधून हेडमध्ये जोडत असाल तर ‘डिफर’ हा शब्द जोडा, नाहीतर बॉडी संपण्याच्या लगेच आधी ठेवा. तसं न करता हेडमध्ये नुसती ठेवलीत तर ती चालते तेव्हा मेनू जन्मालाच आलेला नसतो. लिंका शून्य, चूकही दिसत नाही, काम काहीच होत नाही.

अगदी असंच, पण जास्त छळणारं प्रकरण म्हणजे ‘फेच’ने आणलेला मेनू. बरेच जण मेनू एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि प्रत्येक पानावर जावास्क्रिप्टने आत ओढतात. कल्पना चांगली आहे. पण मेनू आत येण्याआधी ताडण्याचा कोड चालून गेला तर उपयोग शून्य. ताडण्याचा भाग, मेनू पानात घातल्यानंतर, त्याच फंक्शनमध्ये बोलवा. आणि हे करताना पान फाइलवर डबल-क्लिक करून उघडू नका. तसं उघडलं की ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने दुसरी फाइल आणू देत नाही. व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन चालवा. पायथन असेल तर त्याच्यातला साधा एचटीटीपी सर्व्हरही चालतो, तो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतो.

पायरी ५: पोटातलं पान

‘कार्यक्रम’च्या फोल्डरात ‘दिवाळी अंक प्रदर्शन’ नावाचं वेगळं पान आहे. मेनूत ते नाही. तिथे असताना ‘कार्यक्रम’ ठळक व्हावं असं वाटणं साहजिक आहे. मग चालू पत्ता लिंकच्या पत्त्याने सुरू होतो का, एवढं बघायचं. त्यासाठी ‘स्टार्ट्सविथ’ आहे, ‘विथ’चा डब्ल्यू मोठा. इथे दोन खड्डे आहेत. मुख्यपानाचा पत्ता म्हणजे स्लॅश, आणि सगळेच पत्ते स्लॅशने सुरू होतात. त्याला या नियमातून वगळलं नाही तर मुख्यपान कायमचं ठळक. दुसरा खड्डा: ‘ग्रंथ’ आणि उद्या सुरू होणारी ‘ग्रंथपेटी’. ग्रंथपेटीच्या पानावर ‘ग्रंथ’ही पेटतो, कारण नावाची सुरुवात तीच. लिंकच्या साफ केलेल्या पत्त्याला शेवटी एक स्लॅश जोडून मग तुलना करा, दोन्ही सुटे होतात. ‘इन्क्लूड्स’ने पत्त्यात कुठेही शब्द सापडतो का ते बघण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

अशा वेळी ‘कार्यक्रम’ला एरिया-करंट बरोबर ‘पेज’ लावू नका. वाचक त्या पानावर नाही, त्याच्या पोटातल्या पानावर आहे. किंमत ‘ट्रू’ द्या. सीएसएसच्या चौकोनी कंसात फक्त एरिया-करंट लिहिलं, किंमत गाळली, तर दोन्ही एकाच नियमात येतात. पोटातल्या पानासाठी फिकी रेघ हवी असेल तर दोन नियम करा.

पायरी ६: जनरेटर असेल तर स्क्रिप्ट काढून टाका

जेकिल २००८पासून आहे, ह्यूगो २०१३पासून, इलेव्हन्टी त्यांच्यानंतरचं. यांतलं काहीही वापरत असाल तर चौथ्या पायरीतलं सगळं विसरा. पान तयार होताना जनरेटरला ते कुठलं पान आहे हे माहीत असतंच. उत्तर तिथेच एचटीएमएलमध्ये छापून टाका. जावास्क्रिप्ट बंद असली तरी खूण राहते, आणि पान उघडल्यावर रेघ क्षणभर उशिरा उमटण्याचा प्रकारही होत नाही.

जेकिलमध्ये आणि इलेव्हन्टीत चालू पानाचा पत्ता ‘पेज’ टिंब ‘यूआरएल’मध्ये असतो. मेनूच्या नोंदींची यादी एका डेटा फाइलमध्ये ठेवा, लूप फिरवा, नोंदीचा पत्ता त्याच्याशी जुळला तर एरिया-करंट छापा. ह्यूगोत तर यासाठी ‘इझमेनूकरंट’ आणि पोटातल्या पानांसाठी ‘हॅझमेनूकरंट’ अशी तयार सोय आहे. प्रत्येक इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. साइट गिटहबवर उपफोल्डरात असेल तर एक लक्षात ठेवा: जेकिलच्या ‘पेज’ टिंब ‘यूआरएल’मध्ये ‘बेसयूआरएल’, म्हणजे उपफोल्डराचा भाग, नसतो. आधी ताडा, मग लिंक छापताना ‘रिलेटिव्ह-यूआरएल’ फिल्टर लावा. कोडमध्ये मात्र जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर.

पत्त्याऐवजी पानाच्या शीर्षकावरून जुळवणारेही भेटतात: मेनूतलं नाव आणि फाइलच्या माथ्यावरचं शीर्षक एकच असेल तर ठळक. इंग्रजीत खपून जातं. मराठीत ‘वऱ्हाडी साहित्य’ नावाचं पान करून बघा. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि ‘नॉर्मलाइझ’ फंक्शनलाही ते एक करता येत नाहीत. डेटा फाइल एकाने टाइप केली आणि पान दुसऱ्याने, की तेवढी एकच नोंद ठळक होणार नाही आणि कारण डोळ्यांना सापडणार नाही. पत्त्यावरूनच जुळवा.

पायरी ७: तपासताना

एफ-१२ दाबून एलिमेंट्सच्या खिडकीत मेनू उघडा आणि एरिया-करंट कुठे लागलंय ते बघा. ‘व्ह्यू पेज सोर्स’मध्ये शोधू नका, तिथे सर्व्हरने दिलेली मूळ फाइल दिसते, स्क्रिप्टने नंतर लावलेलं ॲट्रिब्यूट तिथे येत नाही. मग पत्त्याच्या शेवटी मुद्दाम प्रश्नचिन्ह आणि दोन-चार अक्षरं जोडून पान उघडा. मुख्यपान दोन्ही पत्त्यांनी उघडा. ग्रंथपेटीवर जाऊन ‘ग्रंथ’कडे बघा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो. तो चालू करून टॅबने मेनूतून एकदा फिरा. तळाशी फूटरमध्ये दुसरा नॅव्ह असेल तर तिथेही खूण लागलेली दिसेल, ते बरोबरच आहे. आणि चुकीच्या पत्त्यावर उघडणाऱ्या ४०४ पानावर काहीच ठळक दिसलं नाही तर दुरुस्तीला बसू नका, वाचक खरोखरच कुठल्याच पानावर नाही.

फोनवर मेनू तीन रेघांच्या बटणामागे जातो आणि ही सगळी मेहनत झाकली जाते. तिथे पानाचं मोठं शीर्षक, म्हणजे एच-१, मेनूतल्या शब्दाशी जुळतं ठेवा. मेनूत ‘सभासदत्व’ आणि पानावर ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ असं असेल तर फोनवरच्या वाचकाला आपण योग्य जागी आलो का, हे कळायला मेनू उघडूनच बघावा लागेल.